आमचं ‘बत्तीस ग’ कसं झालं

मार्च २०२५ मध्ये आम्ही कूळ म्हणून कसत आलेल्या भातजमिनीच्या सातबाऱ्यावर वडिलांचं आणि दोन आत्यांचं नाव कब्जेदार, म्हणजे मालक म्हणून लागलं. जमीन रत्नागिरी जिल्ह्यातली, ४१ गुंठे. न्यायाधिकरणाने ठरवलेली किंमत १,६२० रुपये. आकडा वाचून लोक हसतात, आम्हीही हसलो. पण हे १,६२० रुपये सरकारदरबारी भरून सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत तीन वर्षांहून जास्त काळ गेला, आणि त्या काळात मला नीट मराठीत ‘आता पुढे काय’ हे सांगणारं फारसं कोणी भेटलं नाही. एक तर कलमांची भाषा, नाहीतर ‘ताई, गुंठ्यामागे किती देता बोला’ असं विचारणारे मध्यस्थ. म्हणून हे लिहिते आहे. मी वकील नाही, डोंबिवलीत एका कंपनीत अकाउंट्स बघते. इथली कलमं कोकण आणि पश्चिम महाराष्ट्राला लागू असलेल्या १९४८ च्या कूळकायद्यातली आहेत. मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा कायदा आणि विदर्भात १९५८ चा वेगळा कायदा आहे, तिथल्यांनी हे आकडे जसेच्या तसे धरू नयेत.

आधी पार्श्वभूमी. ही जमीन माझे आजोबा करायचे, त्यांच्या आधी पणजोबा. मालक खोतांच्या भावकीतलं एक घर. घरातले कर्ते गृहस्थ लवकर वारले, मूलबाळ नव्हतं, जमीन पत्नीच्या नावावर आली. गाव त्यांना माई म्हणे. खंड, म्हणजे जमीन कसण्याबद्दल मालकाला द्यायचा वाटा, भातात जायचा, झोडणी झाली की आजोबा स्वतः पोचवून यायचे. पुढे १९७४ च्या सुमारास माई पुण्याला पुतण्यांकडे राहायला गेल्या आणि १९८३ साली तिथेच वारल्या. आमच्याकडे बातमी आली ती उडत उडत, बऱ्याच उशिरा.

आता कायदा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने त्या जमिनीचा खरेदीदार मानला गेला. त्याने अर्ज करायची वाट न बघता न्यायाधिकरणाने, म्हणजे तहसीलदारांनी, दोन्ही बाजूंना बोलवून किंमत ठरवायची. ही चौकशी म्हणजे कलम ३२ग. आमच्या वाडीतल्या बहुतेकांची ती साठच्या दशकातच उरकली. आमची राहिली, कारण कलम ३२फ. मालक विधवा असेल, अज्ञान (अल्पवयीन) असेल, मनाने किंवा शरीराने अपंग असेल किंवा सैन्यात असेल, तर कुळाची खरेदी पुढे ढकलली जाते. जुन्या फेरफारात (सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदीत) एका ओळीत लिहिलं होतं, ‘मालक विधवा, सबब ३२ग ची चौकशी तहकूब.’ ती ओळ तिथे साठ वर्षं तशीच पडून होती. तहकूब चौकशी पुन्हा कोणी उघडायची, हे पाहायला ना कचेरीतलं कोणी आलं, ना आमच्यातलं कोणी गेलं.

२०२१ च्या पावसाळ्यात ई-पीक पाहणीचं अॅप आलं. बाबांनी माझ्याकडून ते फोनवर घेतलं, गट नंबर टाकला, खातेदार निवडा म्हणाल्यावर समोर तीन नावं आली. तिन्ही माईंच्या पुतण्यांची आणि त्यांच्या मुलांची. बाबा दोन-तीनदा विचारत राहिले, ‘आपलं नाव खाली कुठे असेल बघ.’ खाली नव्हतं. आजोबांचं नाव सातबाऱ्यावर होतं, पण ‘इतर अधिकार’ या रकान्यात, ‘कूळ’ म्हणून. पीक आमचं, नांगर आमचा, आणि पिकाची नोंद करायची तर ती दुसऱ्याच्या खात्यावर. हे प्रकरण आता तडीला न्यायचंच, असं बाबांनी त्या संध्याकाळी ठरवलं. त्यांचं वय तेव्हा ७३.

गावात विचारलं तर सगळ्यांचं एकच म्हणणं, मुदत गेली. आणि वरवर पाहता ते खरंही होतं. विधवा मालकीण वारल्यावर तिच्या वारसांना एक वर्ष असतं, स्वतः कसायची असेल तर जमीन परत मागायला. त्यांनी मागितली नाही तर त्यापुढच्या एका वर्षात कुळाने ‘मी खरेदी करतो’ असं मालकाला आणि न्यायाधिकरणाला कळवायचं. म्हणजे १९८५ साली आमचा विषय संपला, असा हिशेब. रत्नागिरीच्या एका वकिलांनी तो मोडून काढला. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१९ चा निकाल समोर ठेवला. विधवा मालकिणीचा हक्क संपला हे तिच्या वारसांनी कुळाला कळवणं बंधनकारक आहे, म्हणजे कुळाला आपला खरेदीचा हक्क बजावता येईल, असं त्यात म्हटलं आहे. आम्हाला कोणी काहीच कळवलेलं नव्हतं. ज्यांचं प्रकरण विधवेच्या कारणाने तहकूब आहे त्यांनी कोणाच्याही ‘मुदत गेली’वर विसंबू नये, हा निकाल घेऊन वकिलाकडे जावं.

पुढचे काही महिने कागद गोळा करण्यात गेले. खरं काम हेच आहे, सुनावणी त्यामानाने सोपी. आताचा डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, पण त्याने काही सिद्ध होत नाही. आपल्याला हवा असतो १९५७ च्या आसपासचा हस्तलिखित सातबारा आणि तिथपासून आजपर्यंतचे सगळे फेरफार. त्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. अर्जात गट नंबरबरोबर जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर द्या, नाहीतर ‘आढळ होत नाही’ असा शेरा मारून अर्ज परत येतो. आमचाही एकदा आला. जुना नंबर बाबांना तोंडपाठ होता म्हणून निभावलं. नकला हातात आल्या तेव्हा पहिल्यांदा मी आजोबांचं नाव १९५० च्या दशकातल्या शाईत बघितलं, जमीन करणाऱ्याच्या रकान्यात, वळणदार अक्षरात, वर्षामागून वर्ष. वाडीतल्या एकांच्या बाबतीत हस्तलिखितावर असलेली कुळाची नोंद संगणकीकरणात गळूनच गेली होती. त्यांना आधी महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्ती करून घ्यावी लागली. तेव्हा दोन्ही सातबारे शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा.

खंडाच्या पावत्या आजीने पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. बऱ्याचशा वाळवीने खाल्लेल्या. ज्या वाचल्या त्यांत एक पोस्टकार्ड निघालं, माईंनी पुण्याहून पाठवलेलं, शिक्का १९७७ चा. निळ्या शाईत बारीक अक्षर. ‘या सालचे भात पावले. वरच्या बांधाची डागडुजी पावसाआधी करून घेणे. पायाचे दुखणे आहे तसेच.’ एवढंच. हे कार्ड पुढे आमच्या फार उपयोगी पडलं. असे कागद लॅमिनेट करू नका. प्लास्टिकमध्ये घालून ठेवा, झेरॉक्स द्या, आणि मूळ फक्त दाखवायला न्या.

अर्ज करण्याआधी आणखी एक पायरी होती, आजोबांचे वारस लावण्याची. ते १९९१ साली गेले. कूळ वारला तरी कुळवहिवाट संपत नाही, कलम ४० नुसार ती वारसांकडे येते, पण वारस सातबाऱ्यावर दिसायला हवेत. मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्यांकडे दिला. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आमच्याकडे अजून तलाठीच.) दोन्ही आत्यांची नावं घातली. चुलतभावकीतून कुरबुर झाली, ‘त्यांची लग्नं होऊन चाळीस वर्षं झाली, त्यांना कशाला मध्ये घेता.’ बाबांचं उत्तर होतं की लावणीला त्या दोघी चिखलात असायच्या, तेव्हा कोणी असं विचारलं नव्हतं. आणि भावना बाजूला ठेवल्या तरी वारस वगळला की सगळं प्रकरण पुढे कधीही उकरलं जाऊ शकतं.

जानेवारी २०२२ मध्ये ‘तहसीलदार तथा शेतजमीन न्यायाधिकरण’ यांच्याकडे अर्ज दाखल झाला. अर्जात मालकाच्या सगळ्या वारसांची नावं आणि पत्ते लागतात. माईंचा पुण्याचा वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली होती. एका पुतण्याच्या मुलाचा नंबर गावच्या देवळाच्या वर्गणीच्या यादीत सापडला. फोन लावायचा धीर मला दोन दिवस झाला नाही. आपण कोणाची तरी जमीन मागतो आहोत असं वाटत होतं, आणि ती मागत नाही, हक्काची नोंद करून घेतो आहोत, हे स्वतःला पटवावं लागत होतं. शेवटी लावला. ‘दादा, मी अमक्यांची नात. आम्ही तुमच्या माईंची भातजमीन करतो.’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, ‘तिकडे आमची जमीन आहे असं वडील सांगायचे. कुठे आहे ते मी कधी बघितलं नाही. तुम्ही रीतसर नोटीस पाठवा, मी येईन.’ आणि ते खरंच आले. त्यांचे एक चुलतभाऊ ठाण्याला होते, त्यांनी मात्र पहिल्याच फोनवर कोर्टात भेटू असं सांगून ठेवून दिला. तिसरी वारस अमेरिकेत.

नोटिसा बजावण्यातच ते वर्ष सरलं. रजिस्टर पोस्टाचं पाकीट ‘घर बंद’ म्हणून परत येणार, मग पत्ता दुरुस्त करून पुन्हा पाठवायचं, अमेरिकेतल्या वारसाला पाठवलेली बजावली गेली की नाही हे कोणालाच कळणार नाही. शेवटी स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यायचा आदेश झाला. खर्च साडेतीन हजारांच्या घरात, तो अर्जदाराने करायचा. नोटीस छापून आलेल्या अंकाच्या चार-पाच प्रती घेऊन ठेवा.

पंचनामा मे २०२२ मध्येच झाला, भर उन्हात. तलाठी, मंडळ अधिकारी, शेजारचे दोघे-तिघे आणि पुण्याचे दादा. सगळे बांधावर उभे. चतुःसीमा लिहून झाल्या, कसतो कोण हे शेजाऱ्यांनी सांगितलं, त्यात कोणाला शंका नव्हती. वाद निघाला तो झाडांवरून. कायद्यात किंमत अशी काढतात: आकारणीच्या (जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या) किमान २० पट आणि जास्तीत जास्त २०० पट, आणि त्यावर मालकाने बांधलेल्या विहिरी-बांध आणि मालकाने लावलेली झाडं यांचं मोल वेगळं. आमच्या बांधावर दोन रायवळ आंबे आणि एक फणस. मंडळ अधिकाऱ्यांनी विचारलं, ‘कोणी लावले?’ बाबांनी फणसाकडे आणि खालच्या आंब्याकडे हात करून ‘हे आमच्या आबांनी’ असं सांगितलं. वरच्या आंब्याशी येऊन थांबले. ‘हा आधीपासूनचा. खोतांचा.’ वकिलांनी मागून माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की विचारू नका. तो आंबाही आमचाच म्हटला असता तर शेजारी काही बोलले नसते. पण दादांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काहीतरी सैल झालं, आणि पुढे त्यांनी ठाण्याच्या भावाला साथ दिली नाही, त्याचं कारण मला तरी तो आंबाच वाटतो. त्या आंब्याचे पुढे सहाशे रुपये धरले गेले.

जबाब ऑक्टोबरमध्ये झाला. कचेरीत कूळकायद्याचं टेबल मागच्या खोलीत, फायलींच्या गठ्ठ्यांमागे. अव्वल कारकून प्रश्न विचारून टाईप करत होते. जमीन कधीपासून करता, खंड किती, शेवटचा कधी दिला, स्वतः कसता का, तुमच्या नावावर इतर जमीन किती. शेवटी, ‘खरेदी करण्यास तयार आहात का?’ या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट, एका वाक्यात आणि शब्दशः टाईप झालेलं बघूनच सही करा. साठच्या दशकात किती तरी कुळांनी जमीनमालक समोर बसलेला असताना ‘घेत नाही’ असा जबाब दिला आणि तिथेच त्यांची खरेदी निष्फळ ठरली. आमच्याच वाडीत अशी दोन घरं आहेत. बाबांना हे माहीत होतं. त्यांनी ‘तयार आहे’ इतकं मोठ्याने सांगितलं की शेजारच्या टेबलावरच्या बाई वळून बघायला लागल्या. जबाब वाचून दाखवा म्हणायला संकोच करू नका. आमच्या जबाबात सर्व्हे नंबरचा एक आकडा चुकला होता, तो वाचताना सापडला.

ठाण्याच्या वारसांनी वकील दिला आणि दोन हरकती घेतल्या. एक मुदतीची. तिचं उत्तर २०१९ च्या निकालात होतं. दुसरी अशी की आजोबांनी १९७२ साली जमीन सोडून दिली, त्यानंतर आम्ही नुसते ‘मेहेरबानीने’ करतो. मला हे वाचून रात्रभर झोप आली नाही. वकील मात्र निवांत होते. कुळाने जमीन सोडणं, म्हणजे राजीनामा, हा कलम १५ प्रमाणे लेखी लागतो आणि मामलेदाराने (तहसीलदाराने) पडताळून घ्यावा लागतो. असा कागद समोरच्यांकडे नव्हता. आणि आमच्याकडे होतं १९७७ चं पोस्टकार्ड. सोडून दिलेल्या जमिनीचं भात पाच वर्षांनी ‘पावले’ कसं, आणि बांध कोणाला दुरुस्त करायला सांगितला, एवढाच युक्तिवाद.

दोन तारखांच्या मध्ये फक्त वाट बघणं असतं. रात्रीच्या गाडीने जायचं, सकाळी कचेरीत बसायचं, दुपारी ‘साहेब व्ही.सी.ला (व्हिडिओ बैठकीला) आहेत’ असं कळायचं. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी कर्मचाऱ्यांचा संप झाला, आमची तारीख नेमकी त्या आठवड्यात. मग तहसीलदारांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी युक्तिवाद पुन्हा ऐकायचा ठरवला. रजा संपत आल्या होत्या. यावर मी एकच उपाय केला, प्रत्येक तारखेनंतर रोजनाम्याचा (त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीचा) फोटो काढून घ्यायचा आणि पुढच्या तारखेच्या आदल्या दुपारी कचेरीत फोन करायचा. याच काळात एक गृहस्थ भेटले, ‘महिन्यात निकाल लावून देतो, किंमत गुंठ्यावर.’ बाबांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

निकाल ऑगस्ट २०२३ मध्ये आला. आजोबा १ एप्रिल १९५७ रोजी कूळ होते, विधवा मालकिणीमुळे खरेदी लांबली, वारसांनी कळवलं नाही, सबब अर्जदार खरेदीस पात्र. आकारणी ५ रुपये १० पैसे, तिच्या २०० पट म्हणजे १,०२० रुपये, अधिक आंब्याचे ६००. थकीत खंडाची मागणी झाली होती, पण लेखी हिशेब कोणी दिला नाही, म्हणून ती धरली नाही. रक्कम एकरकमी भरता येते किंवा साडेचार टक्के सरळ व्याजाने वार्षिक हप्त्यांत, बारा हप्त्यांपर्यंत. १,६२० रुपयांचे बारा हप्ते! पण हा कायदा झाला तेव्हा एवढी रक्कम कुळाच्या घरात एका वेळी नसे, हे आजीच्या गोष्टी ऐकलेल्यांना सांगायला नको.

अपिलाची मुदत ६० दिवसांची. ते दिवस मला सगळ्यांत जड गेले. अपील आलं नाही. नोव्हेंबरमध्ये रक्कम भरली आणि पावती घेतली. त्या संध्याकाळी पुण्याच्या दादांचा फोन आला. ‘तिघांत पाचशेचाळीस रुपये वाट्याला येणार. ते घ्यायला मी रत्नागिरीला येऊ का?’ हसले. मग म्हणाले, ‘आंब्याला यंदा मोहोर आला की फोटो पाठव.’

गावात मात्र ‘फुकटात जमीन लाटली’ हे ऐकावं लागलं, आणि शहरातल्या शिकलेल्या मित्रमैत्रिणींकडून जास्त. हायवेच्या कामामुळे आमच्याकडे भाव चढले आहेत, त्यामुळे १,६२० हा आकडा डोळ्यांत खुपतो. मी वाद घालत नाही. फक्त एवढं सांगते की कूळकायदा आकाशातून पडला नाही. आमच्या शेजारच्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळ चरीच्या कुळांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून संप केला, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कमी किंमत ही पिढ्यान् पिढ्या दिलेल्या खंडाची वजावट आहे, असं माझं मत. दादांच्या बाजूने बघितलं तर त्यांना वाईट वाटणं मला समजतं, आणि त्यांनी ते ज्या सभ्यपणे घेतलं त्याबद्दल मला आदरच आहे.

पैसे भरले की ३२म चं, म्हणजे खरेदीचं प्रमाणपत्र मिळायला हवं. ते यायला सप्टेंबर २०२४ उजाडला. मध्ये लोकसभा निवडणूक, सगळी कचेरी त्या कामाला. प्रमाणपत्रावर क्षेत्र, आकार, सगळ्या वारसांची नावं, निकालाची तारीख हे तिथल्या तिथे तपासा. आम्हाला ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवून आणायला सांगितलं. विधानसभेची धामधूम संपता संपता तेही झालं. मग फेरफाराचा अर्ज, नोटिशीचे पंधरा दिवस, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी, आणि मार्चमध्ये नवा सातबारा. माईंच्या वारसांची नावं कंसात गेली, म्हणजे कमी झाली.

सगळा खर्च मांडायचा तर वकिलांची फी टप्प्याटप्प्याने ४० हजार, जाहीर नोटीस, नकला, प्रतिज्ञापत्रं आणि नोंदणी मिळून दहा-बारा हजार, शिवाय प्रवास. साधं, हरकत नसलेलं प्रकरण असेल तर वकिलाशिवायही होतं, वाडीतल्या एकांनी केलं आहे. विरोध असेल तर वकिलाशिवाय करू नका.

नव्या सातबाऱ्यावर ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा आहे. म्हणजे ही जमीन लगेच विकता, गहाण टाकता किंवा कोणाला बक्षीस देता येत नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदीला दहा वर्षं झाली की आकारणीच्या ४० पट नजराणा सरकारला भरून विकता येते, घेणारा शेतकरी असला पाहिजे. आमच्या बाबतीत ४० पट म्हणजे २०४ रुपये. त्याआधी कोणी साठेकरार करून पैसे देऊ करत असेल तर हात लावू नका. आणि जमीन स्वतः कसायची ही अटही आहेच. भाऊ आणि मी दोघेही मुंबईकडे, म्हणून यंदा लावणीला आम्ही सुट्टी काढून गेलो. धाकटी आत्या ६८ वर्षांची आहे, तिने माझ्या दुप्पट आवण (भाताची रोपं) लावली.

आमचा अजून एक लहान नंबर आहे, १२ गुंठे वरकस (उतारावरची हलकी जमीन), त्याच भाताच्या वर. तिथे कुळाच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही, पण गवत आणि राब (रोपांसाठी जमीन भाजायचा पालापाचोळा) आमचाच. त्यासाठी आधी कूळ आहोत हेच ठरवून घ्यावं लागतं, म्हणून कलम ७०ब खाली अर्ज केला आहे. साक्षीला शेजारचे दोघे तयार आहेत. त्यातल्या एकांचं वय ८३ आहे, त्यामुळे त्यांचा जबाब आधी नोंदवावा असा विनंती अर्ज वकिलांनी पहिल्याच तारखेला दिला. तुमच्याकडेही असे साक्षीदार असतील तर हे लवकर करून घ्या.